सातवं पान

माझा स्वभाव कडक. कडक कसला, चिडकाच म्हणा, उगाच गोड बोलून काय करायचं? सगळी नोकरी धुळ्याच्या शाळेत गेली, आणि तिथल्या पोरांनी माझ्या पाठीमागे मला काय काय नावं ठेवली होती ती मला सगळी ठाऊक आहेत. निवृत्त होऊन जळगावला बहिणीच्या शेजारी राहायला आले. चार महिने घरात बसले. पाचव्या महिन्यात बहीणच म्हणाली, "तू कुठेतरी शिकवायला जा गं बाई, मला सोड." म्हणून एरंडोलच्या पुढच्या एका गावात, शाळा सुटल्यावरचा वर्ग घ्यायला जायला लागले. आठवड्यातून चार दिवस. दुपारची एसटी धरायची, चार ते सहा वर्ग, आणि परतीची एसटी चुकली तर गावातच कुणाच्या तरी ओट्यावर बसून पुढच्या गाडीला शिव्या घालायच्या.

वर्ग भरायचा मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या भजनी मंडळाच्या खोलीत. कोपऱ्यात कापड पांघरलेला पखवाज, भिंतीवर टाळांची खुंटी, मधे माझी पत्र्याची पेटी आणि पेटीत पातळ पातळ चित्रांची पुस्तकं. मुलं पहिली-दुसरीतली. कापसाच्या दिवसांत त्यांच्या गणवेशाला कापूस चिकटलेला असायचा, कारण शाळा आणि वर्ग यांच्या मधल्या अर्ध्या तासात ती आईला भेटायला शेतात जाऊन यायची.

शाळेत त्यांना अक्षरं शिकवत होते. पण अक्षरांच्याही आधीचं जे असतं ते कुणी सांगितलं नव्हतं. घरात छापील असं काय, तर लग्नपत्रिका, खताची गोणी आणि भिंतीवरचं कॅलेंडर. पुस्तकाला पुढची बाजू असते आणि मागची असते. वाचायचं ते चित्र नव्हे, चित्राखालचं काळं काळं. डावीकडून निघायचं, उजवीकडे पोचायचं, ओळ संपली की परत डावीकडे येऊन खालच्या ओळीवर उतरायचं. तुम्हाला-मला हे कुणी शिकवलं ते आठवत नाही, म्हणून आपल्याला वाटतं हे आपोआप येतं. आपोआप कपाळ येतं! एक पोरगा ओळ संपली की तिथूनच खाली उतरायचा आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत यायचा. मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, वखर असाच वळतो. बैल काय रिकामे परत येतात का?" घरी जाऊन बहिणीला सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

त्याच वर्गात ती होती. दुसरीतली. एका कानात डूल आणि दुसऱ्या कानात कडुलिंबाची काडी, कारण तिथला डूल हरवला होता आणि भोक बुजू नये म्हणून आईने काडी घातली होती. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई शेतात, आणि ही दिवसभर तिच्या आबांच्या मागे. आबा म्हणजे तिचे आजोबा. ते गावातल्या चहाच्या हॉटेलात रोज सकाळी पेपर उघडून बसलेले असायचे. टोपी सरळ, पेपर सरळ, चेहरा गंभीर. गावात त्यांचा मान होता. लोक म्हणायचे, आबांनी पेपर वाचल्याशिवाय हॉटेलवाला दुसऱ्याच्या हाती देत नाही.

माझा एक नियम होता. शनिवारी प्रत्येकाने एक पुस्तक घरी न्यायचं, घरातल्या कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, आणि वहीत किती पानं वाचली ते लिहून मोठ्या माणसाची सही आणायची. बऱ्याच वह्यांत अंगठे यायचे. तिच्या वहीत मात्र आबांची सही यायची, वळणदार, शेवटी खाली लांब रेघ ओढलेली. मी मनात म्हणायचे, चला, एका तरी घरात वाचणारं माणूस आहे.

तिचं लाडकं पुस्तक एकच. एक बकरी बाजाराला जाते, एवढीच गोष्ट. सहा पानं, प्रत्येक पानावर चित्र आणि खाली दोन ओळी. दर शनिवारी ती तेच न्यायची. दुसरं ने म्हटलं तर मान हलवायची आणि तेच पोटाशी धरून उभी राहायची.

आता माझा सगळ्यात आवडता धडा सांगते, कारण माती तिथेच खाल्ली. तो धडा असा, की छापलेलं बदलत नाही. मी एक पान वाचायचे. मग देवळातल्या गुरवाला बोलावून तेच पान वाचायला लावायचे. मग मुलांना विचारायचे, "बदललं का रे?" मुलं ओरडायची, "नाही!" मी म्हणायचे, "मी वाचलं तरी हेच, गुरवांनी वाचलं तरी हेच, कलेक्टरसाहेबांनी वाचलं तरी हेच. तोंडाने सांगितलेली गोष्ट बदलते, कागदावरची बदलत नाही." हे ऐकताना मुलांचे डोळे मोठे व्हायचे. मला फार बरं वाटायचं. इतक्या वर्षांत इतकं बरं मला दुसरं काही शिकवताना वाटलं नव्हतं.

एकदा मी हुशारी केली. म्हटलं, सगळ्यांनी बकरीच्या गोष्टीचं पहिलं पान घरी वाचून घ्या. तेवढ्या दोन ओळी मी कागदावर काढून प्रत्येकाला दिल्या. पुस्तक होतं ते तिच्याकडेच होतं. ज्यांच्या घरी वाचणारं नाही त्यांनी शेजारी जायचं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने उठून सांगायचं, काय लिहिलं होतं. एकामागून एक पोरं उठली. "बकरी बाजाराला निघाली. तिच्या गळ्यात घुंगरू होतं." सगळ्यांचं तेच. मी फुशारून गेले होते. मग ती उठली आणि म्हणाली, "बकरी एरंडोलच्या एसटीत चढली. कंडक्टर म्हणाला, तुझं अर्धं तिकीट की पूर्ण? बकरी म्हणाली, मला शिंगं आली, आता पूर्ण."

वर्ग खो खो हसला. पखवाजावर कुणीतरी थाप मारली. ती गोंधळली, पण खाली बसली नाही. "असंच शे," म्हणाली. "आबांनी वाचलं."

आणि मी, चाळीस वर्षं मास्तरकी केलेली शहाणी बाई, काय म्हणाले? म्हणाले, "आबांना सांग, चष्मा लावून, बोट ठेवून वाचायला. पुस्तकात असं काही नाही."

मला शप्पथ कळलं नव्हतं. त्या सहीने मला फसवलं. पण कळायला हवं होतं की! अंगठ्यांच्या गावात एक माणूस दर शनिवारी सहा पानं वाचतो आणि नातीला दर वेळी तेच पुस्तक हवं असतं, हे माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या पोरीला सांगत होती, ते मी ऐकलं. तिने घरी आबांचा हात धरून बोट ओळीवर ठेवलं होतं. आबा सांगत गेले, ती बोट पुढे सरकवत गेली. दोन ओळी संपल्या आणि आबांची बकरी अजून एसटीतच बसलेली. ती म्हणाली, "अक्षरं सरी ग्यात, आबा. तुम्हीन आजून वाची ऱ्हायनात." आबांनी पुस्तक मिटलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्या शनिवारी तिने पुस्तक नेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी एसटीतून उतरून खोली उघडली, तर आबा दाराशी उभे. टोपी हातात. मुलं यायला अजून वेळ होता. ते आत आले, पखवाजाजवळ मांडी घालून बसले. मग म्हणाले, "बाई, माले वाचता येत नही."

मी त्यांच्यासमोर सतरंजीवर पोरांसारखी मांडी घालून बसले. जन्मात पहिल्यांदा बहुतेक.

"सही येस फक्त. रात्रीच्या वर्गाला शिकलो होतो, तेवढीच ऱ्हायनी. पेपर मी चित्र पाहीसन धरस. शेजारी कोणी मोठ्याने वाचस, मी ऐकस." मग टोपी फिरवत म्हणाले, "पोर आते मन्हाकडून गोष्ट ऐकत नही. म्हणते, आबा, तुम्ही खोटं वाचता. खोटं वाचलं नही बाई मी. सांगितलं फक्त."

माझ्यातली मास्तरीण लगेच उठून उभी राहिली. म्हटलं, "आबा, मी शिकवते ना तुम्हाला. वय काय शिकायला आड येतं का?" ते हसले. "मी शिकसू तवलगुन पोर मोठी व्हई जाई. तुम्ही एक करा. पुस्तकात काय शे ते माले वाचून दाखवा. बठ्ठं पाठ करस. भजनं दोनशे पाठ शेत, हे तर सहा पानं."

म्हणून आमचा वर्ग सुरू झाला. मुलं यायच्या आधी अर्धा तास, मी आणि आबा. मी वाचायचे, ते म्हणायचे. त्यांचं बोट मी धरायचे आणि दाखवायचे, 'बकरी' म्हणताना इथे, 'बाजाराला' म्हणताना इथून इथपर्यंत, मग मोकळी जागा, मग 'निघाली'. तंबाखू-चुन्याने पिवळं झालेलं ते जाड बोट दोन शब्द झाकून टाकायचं. पाठांतराचा प्रश्नच नव्हता, एका बैठकीत सगळं तोंडपाठ. अडचण वेगळीच होती. त्यांना पुस्तक पटत नव्हतं.

"बकरी एकटी निघनी? दावं कोणी सोडं?"

"ते पुस्तकात नाही, आबा."

"कोणता बाजार?"

"तेही नाही."

"मग शे काय ह्यात?" आणि हात झटकायचे. "बाई, ही बकरी काही बोलतच नही!"

मी चिडायचे. म्हणायचे, "आबा, आहे तेवढंच वाचायचं. एक शब्द जास्त नाही आणि एक कमी नाही." ते मान डोलवायचे, "बरं बाई, बरं," आणि तिसऱ्या पानावर विहीर आली की बोट विहिरीवरच अडकायचं, कारण त्यांना त्या विहिरीत कुणी कधी उडी मारली होती ते आठवायचं. दोन आठवडे गेले. अखेर एका दुपारी त्यांनी सहाही पानं न चुकता, बोट बरोबर चालवत, ओळ संपली की डावीकडे परत येत, पूर्ण वाचली. मी टाळ्या वाजवल्या. ते घामाघूम झाले होते.

त्या शनिवारी मी तिच्या हातात पुस्तक कोंबलं. म्हटलं, "ने. बघ आबा कसे वाचतात."

सोमवारी विचारलं, "वाचलं का आबांनी?"

"हो."

"बरोबर?"

"हो मॅडम. सगळं बरोबर." तिने कानातली काडी फिरवली. "मग आम्ही पुढचं पण वाचलं."

पुढचं कसलं? मी काही मनावर घेतलं नाही. मला आनंद झाला होता, बकरी बाजारात पोचली, आजोबा-नात पुन्हा पुस्तकाशी बसले, आणखी काय पाहिजे? ती पुन्हा दर शनिवारी पुस्तक न्यायला लागली. वर्गात बोट ठेवून वाचायला लागली. होळीपर्यंत तर ती मला न विचारता नवीन पान वाचू लागली. फक्त एक गोष्ट खटकायची. वहीत आबांच्या सहीशेजारी 'किती पानं वाचली' तिथे ती दर वेळी 'सात' लिहायची. मी लाल पेनने खोडून 'सहा' करायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा 'सात'. मी तिला पुस्तक उघडून पानं मोजायला लावली. तिने मोजली, सहापर्यंत आली, आणि शेवटचं कोरं पान उलटताना म्हणाली, "हे पण." मी पानाकडे नीट न बघताच म्हटलं, "अगं, यावर काही छापलेलं आहे का? मग ते वाचायचं कसं? कोरं पान मोजायचं नाही." ती "बरं" म्हणाली. पुढच्या शनिवारी वहीत 'सात'. मला वाटलं, पोरगी वाचनात हुशार आहे पण हट्टी आहे. हट्टाचं मला कौतुक नाही, माझ्याकडेच भरपूर आहे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मी वर्ग बंद करायचे. आमच्याकडे आखाजीला गाव भरलेलं असतं, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके, कुणाचं वर्गाकडे लक्ष असणार? शेवटच्या शनिवारी मी सगळी पुस्तकं गोळा करायला बसले. फाटलेली बाजूला, हरवलेल्यांची नावं फळ्यावर. ती शेवटी उभी होती. पुस्तक पोटाशी.

"मॅडम, हे ठेवू का मी?"

"नाही. जूनमध्ये परत मिळेल."

"आबा म्हणतात—"

"आबा काहीही म्हणोत. नियम म्हणजे नियम. तुला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल."

तिने पुस्तक पुढे केलं. मी ते न उघडता पेटीत टाकलं आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. आज मला तो क्षण आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जूनमध्ये वर्ग उघडला. ती आली नाही. मी मुलांना विचारलं, तर सगळी एकदम म्हणाली, "ते सुरतले ग्यात." घरी गेले, दाराला कुलूप. शेजारीण भांडी घासत होती, तिने सांगितलं की आखाजी झाली आणि आठ दिवसांत सगळं घर उठून गेलं. बापाला तिकडे साडीच्या कारखान्यात काम मिळालं. आबा जायला तयार नव्हते. पण नात जाणार म्हटल्यावर तेही गाडीत बसले. इथून सुरतेला जाणं यात नवल काही नाही, दर घरातलं कुणी ना कुणी तिथे आहे. मी नंबर मागितला. शेजारणीने दिला. लावला तर बंद. आजही बंदच लागतो.

तिला ठाऊक होतं. पुस्तक मागताना तिला ठाऊक होतं की ती जाणार आहे. आणि मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

त्या संध्याकाळी पेटीतली पुस्तकं चिकटवायला काढली. बकरीचं पुस्तक हातात आलं. पहिलं पान, दुसरं, तिसरं. इतक्या वेळा नेलेलं पुस्तक, पण पानं तशी स्वच्छ होती, ओळींखाली हलकासा मळ तेवढा. मग शेवटचं कोरं पान उघडलं.

ते कोरं नव्हतं. पानभर करड्या-पिवळ्या रेघा होत्या, बोट फिरून फिरून उठलेल्या. एकाखाली एक, डावीकडून निघालेल्या आणि उजव्या कडेशी संपलेल्या. मोजल्या तर नऊ. एकही तिरपी नाही, एकही उलटी वळलेली नाही. रुंद, पिवळट मळ आबांच्या बोटाचा, तंबाखूचा. त्याच्या अंगालगत दुसरा बारीक डाग, तिच्या बोटाचा, कारण ती आबांचं बोट धरून चालवत होती. मी शिकवलं होतं तसंच.

तेव्हा कुठे मला 'सात' कळलं. सहा पानं आबा पुस्तकातली वाचायचे, माझ्याकडे पाठ केलेली, एक शब्द जास्त नाही आणि एक कमी नाही. मग सातवं पान उघडायचं आणि त्यावर स्वतःची बकरी सांगायची, एसटीतली, शिंगं आलेली, विहिरीतली, रोज नवी. आणि नातीला त्यात काही खोटं वाटायचं नाही, कारण त्या पानावर अक्षरंच नव्हती, तर ती सरणार कशी? हा तोडगा तिने काढला होता. आजोबांना वाचता येत नाही हे कळल्यावर सात वर्षांच्या पोरीने त्यांच्यासाठी पुस्तकातच जागा शोधली होती, आणि मी दर शनिवारी ती लाल पेनने खोडत होते.

वर्ग अजून चालू आहे. नवी मुलं आली आहेत, वखरासारखी वळणारीही एक-दोन आहेत. छापलेलं बदलत नाही हा धडा मी अजून शिकवते, कारण तो खराच आहे. पण गुरवाला बोलावत नाही आता. घरी काय वाचलं ते उभं करून विचारत नाही. आणि बकरीचं पुस्तक कुणालाही देत नाही. नियम मोडला तर मोडला. ते पेटीत नाही, माझ्या पिशवीत असतं, पाकिटात घालून. सुरतेकडे जाणारं कुणी भेटलं की विचारते, एका कानात डूल असलेली मुलगी दिसली का, आता काडीच्या जागी दुसरा डूल आला असेल. बहीण म्हणते, "वेडी आहेस का, तिथे एवढ्या लाखो लोकांत?" मला ठाऊक आहे गं. तरी विचारते.

कधी परतीची एसटी उशिरा येते. मारुतीच्या पारावर मी एकटीच बसते. पुस्तक काढते. सहा पानं सरळ वाचून होतात, त्यात बघण्यासारखं काही नाही, ही बकरी काही बोलतच नाही, आबा बरोबर म्हणत होते. मग सातवं उघडते. पहिल्या रेघेच्या डाव्या टोकाशी बोट ठेवते, सरळ, शिकवल्यासारखं. "बकरी," म्हणते.

पुढचं मला वाचता येत नाही.